ऱ्हाईनच्या खोऱ्यातले किल्ले: आधी किल्ला ठरवा, मग बोट, ट्रेन शेवटी

जर्मनीत फ्रँकफर्टला मुलाकडे किंवा कामासाठी आलेली मंडळी एक रविवार काढून ऱ्हाईन नदीवर जातात. सकाळी ऱ्यूडेसहाईमला बोटीत बसतात, दुपारी कोब्लेंझला उतरतात. संध्याकाळी मोबाइलमध्ये वीसेक किल्ल्यांचे फोटो असतात, पण सगळे खालून काढलेले. आत पाऊल एकाही किल्ल्यात पडलेलं नसतं. मग "किल्ले आतून बघता येत नाहीत का हो?" हा प्रश्न हमखास येतो.

येतात. फक्त क्रम उलटा झालेला असतो. लोक आधी बोटीचं तिकीट काढतात, मग ट्रेन बघतात, आणि उरलेल्या वेळात किल्ला बसवायला जातात. तो बसत नाही, कारण वेळेच्या बाबतीत सगळ्यात हट्टी गोष्ट किल्लाच असते. हा लेख बिंगेन ते कोब्लेंझ या सुमारे ६५ किलोमीटरच्या पट्ट्यापुरता आहे. युनेस्कोच्या यादीत २००२ साली गेला तो हाच भाग.

## टप्पा १: नकाशा उघडा आणि दोन काठ वेगळे करा

पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात. या पट्ट्यात नदी साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बिंगेन, बाखाराख, ओबरवेझेल, सांक्ट गोआर, बोपार्ड ही गावं डाव्या म्हणजे पश्चिम काठावर आहेत. ऱ्यूडेसहाईम, काऊप, सांक्ट गोआर्सहाऊझेन, ब्राउबाख उजव्या काठावर. कोब्लेंझचं जुनं शहर डावीकडे.

आता महत्त्वाचं. माइन्झ-वीसबाडेन सोडलं की कोब्लेंझपर्यंत नदीवर एकही पूल नाही. पुलाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण तिच्यावरून नदी ओलांडता येत नाही. ओलांडायची ती तरीनं, म्हणजे या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या बोटीनं. बिंगेन–ऱ्यूडेसहाईम, नीडरहाईमबाख–लोर्ख, काऊप, सांक्ट गोआर–सांक्ट गोआर्सहाऊझेन आणि बोपार्ड इथे अशा बोटी आहेत. गाड्याही चढतात, माणसंही. ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण रात्री सेवा थांबते, आणि प्रत्येक तरीची शेवटची फेरी वेगळ्या वेळी असते. ती चुकली की समोर दिसणाऱ्या हॉटेलात पोचायला कोब्लेंझ किंवा माइन्झला वळसा पडतो.

रेल्वेही दोन आहेत, प्रत्येक काठावर एक. दोन्ही मार्ग या पट्ट्यात एकमेकांना मिळत नाहीत. त्यामुळे नावं नीट वाचा:

- सांक्ट गोआर आणि सांक्ट गोआर्सहाऊझेन ही समोरासमोरची दोन वेगळी गावं आहेत. अ‍ॅपमध्ये पहिली चार अक्षरं टाकून आलेली पहिली ओळ दाबणारे चुकीच्या काठावर उतरतात.
- बिंगेनला दोन स्टेशनं आहेत. बोटीच्या धक्क्यासाठी "बिंगेन श्टाट", म्हणजे शहर स्टेशन. मुख्य स्टेशन नाहे नदीच्या पलीकडे, दूर पडतं.
- लोर्ख निवडताना पुढे "ऱ्हाईन" आहे ना ते पाहा. त्याच नावाचं गाव श्टुटगार्टकडेही आहे.
- ओबरवेझेल हवंय. नुसतं "वेझेल" म्हणजे याच नदीवर, पण पार उत्तरेला.

तपासा: जाण्याच्या प्रत्येक ठिकाणापुढे "डावा" किंवा "उजवा" असं लिहिलंय का? एका दिवसात दोनदापेक्षा जास्त वेळा काठ बदलत असाल तर बेत सैल करा.

## टप्पा २: महिना आणि वार

बोटी, लहान किल्ले, गावातली हॉटेलं यांचा खरा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात खोरं सुंदर दिसतं म्हणतात, दिसत असेलही, पण बंद दारं बघायला एवढ्या लांब जाऊ नये. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधारून येतं. त्या आठवड्यानंतर बोटीचा विचार सोडा.

माझं मत विचाराल तर सप्टेंबर. द्राक्षतोडणी सुरू झालेली असते, ऊन सोसवतं. पण त्याच महिन्यात एक सापळा आहे. "ऱ्हाईन इन फ्लामेन" नावाच्या आतषबाजीच्या रात्री ठरलेल्या असतात: जुलैचा पहिला शनिवार बिंगेन-ऱ्यूडेसहाईम, ऑगस्टचा दुसरा शनिवार कोब्लेंझ, सप्टेंबरचा दुसरा शनिवार ओबरवेझेल, तिसरा सांक्ट गोआर आणि समोरचा काठ. ती रात्र बघायलाच जात असाल तर खोली कित्येक महिने आधी धरा. नसाल जात, तर तो शनिवार-रविवार टाळा. अर्धवट माहितीवर नेमक्या त्या दिवशी पोचलात तर ना खोली मिळते, ना बोटीत जागा.

वाराबद्दल: सोमवार शक्यतो नको. काही किल्ले सोमवारी बंद असतात, आणि गावातली अर्धी हॉटेलं सोमवार किंवा मंगळवारी साप्ताहिक सुट्टी घेतात. दारावर "रूहेटाग" अशी पाटी दिसली की समजा, आज जेवण नाही. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून सटरफटर खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.

## टप्पा ३: किल्ला निवडा, आणि एका दिवसाला दोनच

आपल्याकडे गडावर पहाटे निघायचं, वर पोचलं की हवं तितकं हिंडायचं, ही सवय असते. इथे गडाला दार आहे, दाराला कुलूप आहे, आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधी थांबतो. काही ठिकाणी तर मार्गदर्शकाशिवाय उंबरठाही ओलांडता येत नाही. म्हणून आधी यादीतून गाळा, मग निवडा.

आत जाता येत नाही, फोटो खालूनच: सांक्ट गोआर्सहाऊझेनच्या डोक्यावरचा काट्स आणि काऊपवरचा गुटेनफेल्स. तासभर चढून फाटकाला हात लावून परत यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आत जाता येतं, पण आता वेगळंच काहीतरी आहे: बाखाराखचा श्टालेक हे युवा वसतिगृह आहे. अंगण बघता येतं, खरा आनंद तिथे राहण्यात आहे. ओबरवेझेलच्या श्योनबुर्गमध्ये हॉटेल आहे, आणि एका बुरुजात छोटं संग्रहालय.

खरोखर आतून बघण्यासारखे:

*मार्क्सबुर्ग (ब्राउबाख, उजवा काठ).* या पट्ट्यातला, डोंगरावरचा, कधीही उद्ध्वस्त न झालेला किल्ला हाच. एकच किल्ला बघायचा असेल तर हा. आत फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येतं, फेरी पाऊण-एक तासाची असते. जर्मन फेऱ्या थोड्या थोड्या वेळानं निघतात, इंग्रजी मात्र हंगामातही दिवसातून मोजक्याच. तुमच्या दिवसाचा खुंटा हा: इंग्रजी फेरीची वेळ किल्ल्याच्या संकेतस्थळावर बघा, कागदावर लिहा, आणि बाकी सगळं तिच्याभोवती बांधा. ती वेळ जुळतच नसेल तर जर्मन फेरीत इतर भाषांतला छापील कागद मागून घ्या. काम भागतं.

इथल्या वाटेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गुडघे दुखणाऱ्यांना याचीच कल्पना नसते. स्टेशनपासून वर यायला वीस ते तीस मिनिटं चढ आहे. तो चढून दम खाल्लात की वाटतं, आता आरामात बघू. पण दरवाजातून आत गेल्यावर पहिलाच जिना घोडेस्वारांसाठी खडकात कोरलेला आहे. पायऱ्या म्हणाव्यात तर त्यांची उंची सारखी नाही, रुंदी सारखी नाही, आणि दगड झिजून तिरका झालेला. मधोमध चालू नका, कडेनं चला. पाऊस पडला असेल तर ज्येष्ठांचा हात धरा. पुढे आत अरुंद गोल जिने आहेत, आणि गट पुढे सरकत राहतो, मागे रेंगाळायची सोय नाही.

*ऱ्हाईनफेल्स (सांक्ट गोआर, डावा काठ).* हा प्रचंड भग्नावशेष आहे. मार्क्सबुर्गच्या अगदी उलट: आपापलं हिंडायचं. दोन तास ठेवा. इथे लोक सरळ तटावर धावतात आणि अर्ध्या तासात "नुसत्या भिंती आहेत" म्हणून बाहेर पडतात. आधी आतल्या संग्रहालयात जा आणि पडझडीच्या आधीचा किल्ला दाखवणारी प्रतिकृती नीट बघा. मग तीच भिंत कोठाराची होती की तटाची, हे बाहेर ओळखू येतं. तिकीटघरातला नकाशा घ्या आणि त्यातल्या क्रमानंच फिरा. शत्रूच्या पायाखाली सुरुंग लावायला खोदलेले बोगदे आहेत, त्यात वाकून चालावं लागतं आणि मिट्ट काळोख असतो. खरी बॅटरी घ्या. मोबाइलचा दिवा धरून ओणवं चालताना मोबाइल आपटतो. डागडुजीमुळे काही भाग बंद असू शकतो, तिकीट काढतानाच विचारा. बंद जागेत जीव घुसमटणाऱ्यांनी बोगदे सोडून द्यावेत. बाकीचा किल्ला पुरून उरतो.

*फाल्झग्राफेनश्टाईन (काऊपसमोर, नदीच्या मधोमध).* बेटावरचं जकातनाकं. छोटी होडी काऊपच्या काठावरून सोडते. आत सामानसुमान फारसं नाही, पण खोल्या, तोफांची भोकं आणि चारही बाजूंनी वाहणारं पाणी हेच बघायचं. एक-दीड तासात होतो. सोमवारी बंद. पाणी चढलं की होडी बंद. जाण्यापूर्वी काठावरच स्वच्छतागृह उरकून घ्या.

*श्टोल्झेनफेल्स (कोब्लेंझच्या दक्षिणेला, डावा काठ).* हा मध्ययुगीन वाटतो, पण आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजघराण्यानं भग्नावशेषावर उभारलेला महाल आहे. फर्निचर, चित्रं, नक्षीकाम आवडणाऱ्यांसाठी. लाकडी फरशी जपायला बुटांवर फेल्टच्या सपाता चढवाव्या लागतात.

*एरेनब्राइटश्टाईन (कोब्लेंझसमोर, उजवा काठ).* किल्ला कसला, लष्करी दुर्गच. चढ नको असलेल्यांसाठी सर्वांत सोयीचा, कारण मोझेल आणि ऱ्हाईनच्या संगमापासून नदीवरून रोपवे थेट वर जातो. आई-बाबा सोबत असतील तर मार्क्सबुर्गचा हट्ट धरू नका, इथे या. वरून संगम जसा दिसतो तसा दुसरीकडून कुठूनही दिसत नाही.

सावध: एका दिवसात तीन किल्ले आतून बघण्याचा बेत कागदावर जमतो. प्रत्यक्षात प्रत्येकी चढ-उतार, तिकीट, फेरीची वाट पाहणं आणि परत स्टेशन मिळून तीन तास जातात. दोनच ठेवा.

## टप्पा ४: बोटीचा तुकडा निवडा, पूर्ण फेरी नको

आता बोट. बिंगेन ते कोब्लेंझ सगळा प्रवास प्रवाहासोबत चार तासांच्या आसपास घेतो, प्रवाहाविरुद्ध त्याहून बराच जास्त. पहिला तास डोळे विस्फारतात, तिसऱ्या तासाला डेकवर माणसं डुलक्या घेतात. बोपार्डच्या पुढे किल्ल्यांची गर्दीही विरळ होते.

बाखाराख ते सांक्ट गोआर एवढाच तुकडा घ्या. काऊप, बेटावरचा किल्ला, ओबरवेझेलचे बुरूज, लोरेलायचा खडक आणि काट्स हे सगळं याच तेरा-चौदा किलोमीटरमध्ये आहे. प्रवाहासोबत पाऊण तास, उलट गेलात तर तासाहून थोडा जास्त. निवांत फोटो काढायचे तर उलटं, वेळ वाचवायचा तर प्रवाहासोबत.

इथे चार गोष्टी चुकतात.

पहिली, धक्का. एकाच गावात वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे धक्के असतात. मोठी कंपनी केडी. तिचं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीत चालत नाही. धक्क्यावरच्या पाटीवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळवा.

दुसरी, बाजू. बाखाराखहून खाली जाताना काऊप, बेटावरचा किल्ला आणि लोरेलाय उजवीकडे येतात, ओबरवेझेल डावीकडे. पुढच्या टोकाला उजवीकडे बसा आणि ओबरवेझेल आलं की उठून डावीकडे जा. गर्दी उठायच्या आत.

तिसरी, ऊन. सकाळी डाव्या काठावरचे किल्ले उजळतात, दुपारनंतर उजव्या. बेटावरच्या किल्ल्याचा पांढरा रंग दुपारनंतरच खुलतो.

चौथी, अपेक्षा. लोरेलाय म्हणजे नदीच्या वळणावरचा १३२ मीटर उंच पाटीच्या दगडाचा कडा. बोटीत त्याचं गाणं लागतं, सगळे एका बाजूला धावतात, आणि "एवढंच?" म्हणून परत बसतात. कडा वरून बघण्यात मजा आहे, पण तो वेगळा दिवस.

आपण कुठे आहोत हे कळायला काठावरच्या मोठ्या पांढऱ्या पाट्या वाचा. त्यांवर कॉन्स्टान्झच्या पुलापासूनचे किलोमीटर काळ्या आकड्यांत असतात. बाखाराख ५४३ च्या आसपास, काऊप ५४६, लोरेलाय ५५४–५५५, सांक्ट गोआर ५५६ च्या पुढे. आकडा वाढतोय म्हणजे प्रवाहासोबत चाललात. मोबाइलला डोंगरांमुळे नेटवर्क नसलं तरी हे आकडे असतातच.

तपासा: बोटीची वेळ किल्ल्याच्या वेळेशी ताडून बघितली का? बोट उशिरा येऊ शकते. बोट आणि किल्ल्याची फेरी यांच्यात किमान दीड तास मोकळा हवा, त्यातच चढही येतो.

## टप्पा ५: ट्रेन आणि तिकीट

किल्ला आणि बोट ठरली की ट्रेन आपोआप बसते. डाव्या काठावर माइन्झ–कोब्लेंझ, उजव्या काठावर वीसबाडेन–कोब्लेंझ. लहान गावांत थांबणारी गाडी साधारण तासाला एक धरा. वेगवान प्रादेशिक गाडी काही लहान स्टेशनं सोडते. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या डाव्या काठानं जातात आणि तुमच्या गावातून शिट्टी मारून निघून जातात.

तिकिटांत दोन पर्याय बहुतेकांना लागतात.

डॉइचलांडटिकेट: देशभर सगळ्या प्रादेशिक गाड्या आणि स्थानिक बस, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो. आयसीई-आयसीत चालत नाही. केडीची बोट आणि रोपवे यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि हे सभासदत्व आहे, सुटं तिकीट नव्हे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. भारतात परतल्यावर खात्यातून युरो गेलेले दिसतात ते यामुळेच.

ऱ्हाईनलांड-फाल्झ तिकीट: एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत एकत्र. मोठ्या कुटुंबाला हेच परवडतं. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच लागू होतं. नऊनंतर माइन्झहून निघालात तर बाखाराखची सकाळची बोट गाठणं अवघड. शनिवार-रविवारी ही अट नाही. फ्रँकफर्ट दुसऱ्या राज्यात येतं, त्यामुळे तिथून निघताना हे तिकीट नेमकं कुठून सुरू होतं ते मशीनवर किंवा अ‍ॅपमध्ये आधी बघा.

सुटं तिकीट असेल तर चढण्यापूर्वीच काढायचं. विनातिकीट सापडलात तर ६० युरो, आणि "मशीन कळलं नाही" हे कारण तपासनीस दिवसातून दहादा ऐकत असतो. डब्याचं दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. लहान स्टेशनवर दारासमोर वाट पाहत उभे राहणारे तसेच पुढच्या गावी जातात.

सावध, २०२६ साठी खास: उजव्या काठाचा रेल्वेमार्ग १० जुलै ते १२ डिसेंबर २०२६ पूर्ण बंद ठेवून नव्यानं बांधायचं जर्मन रेल्वेचं नियोजन आहे. त्या काळात बदली बस असतील. बसच्या थांब्यावर "एसईव्ही" लिहिलेलं असतं आणि तो थांबा स्टेशनच्या दारातच असेल असं नाही. या महिन्यांत जात असाल तर डावा काठ धरा आणि काऊपला तरीनं ओलांडून जा.

## टप्पा ६: दिवस जोडा

माइन्झ किंवा फ्रँकफर्टहून एका दिवसाचा, डाव्या काठाचा बेत असा:

१. सकाळी लवकरची ट्रेन, माइन्झहून बाखाराख पाऊण तास.
२. बाखाराखमध्ये आधी तटावरची वाट चढून बुरुजापर्यंत जा, मग खाली येऊन गल्ल्या. उलट केलंत तर कॅफेत बसाल आणि चढ राहील. १३६८ चं लाकडी पट्ट्यांचं "आल्टेस हाऊस" मुख्य रस्त्यावरच आहे, शोधायची गरज नाही.
३. सकाळच्या उत्तरार्धातली बोट, प्रवाहासोबत सांक्ट गोआर.
४. उतरल्यावर जेवणाच्या आधी ऱ्हाईनफेल्स. पंधरा-वीस मिनिटांचा चढ, हंगामात रस्त्यावरची छोटी पर्यटक गाडीही वर जाते.
५. उशिराचं जेवण, मग ट्रेननं परत. वाटेत ओबरवेझेलला उतरून तटावर तासभर फिरलात तर उत्तम. हे गाव बाखाराखइतकं नटलेलं नाही, म्हणूनच गर्दी कमी, आणि बुरूज जास्त.

दुसरा दिवस असेल तर उजवा काठ: सकाळी काऊपला बेटावरचा किल्ला, मग अर्ध्या तासाच्या आसपास ट्रेननं ब्राउबाख, दुपारची मार्क्सबुर्गची फेरी, रात्री कोब्लेंझ. हा क्रम उलटवू नका. सकाळी होडीसाठी रांग कमी असते, आणि मार्क्सबुर्ग दुपारी चालतो.

ऱ्यूडेसहाईम मी यात मुद्दाम घातलेलं नाही. तिथली प्रसिद्ध गल्ली बघायचीच असेल तर संध्याकाळी परतताना. दिवसाचे चांगले तास तिथे घालवू नका.

## टप्पा ७: मुक्काम, सामान, बूट

नदीकडे तोंड असलेली खोली जास्त पैसे देऊन घेतली जाते आणि रात्रभर झोप लागत नाही. कारण खिडकी आणि नदी यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ असतात, मालगाड्या रात्रीच जास्त धावतात, आणि समोरच्या काठावरच्या गाड्यांचा आवाज दरीत घुमून परत येतो. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची, द्राक्षमळ्याकडची खोली मागा. शांत आणि बऱ्याचदा स्वस्तही.

मोठ्या बॅगा घेऊन गावोगाव उतरू नका. सामानाचे लॉकर माइन्झ आणि कोब्लेंझच्या मोठ्या स्टेशनांवर आहेत. लहान स्टेशनांवर धरून चालू नका, तिथे जिनेही चढावे लागतात. बूट पकड असलेलेच हवेत. पाटीचा दगड ओला झाला की शेवाळलेल्या घाटासारखा निसरडा होतो. रोख युरो, सुट्टे पैशांसकट, जवळ ठेवा: तर, स्वच्छतागृह, छोटे कॅफे. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली कचऱ्यात टाकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घाला.

## टप्पा ८: जेवण, विशेषतः शाकाहारी

खोऱ्यातली गावं फ्रँकफर्ट नव्हेत. दुपारी जेवण साधारण दोनला आटपतं, मधे स्वयंपाकघर बंद असू शकतं, रात्रीही लवकर संपतं. चारला भूक लागली तर केकच मिळेल.

शाकाहाऱ्यांनी पदार्थाच्या नावावर विसंबू नये. फ्लामकूखेन पातळ भाकरीसारखा दिसतो, पण नेहमीच्या प्रकारात त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. शरदातला कांद्याचा केक तसाच. मसुरीच्या सुपात सॉसेज निघतं. "ओने श्पेक, ओने फ्लाइश" (डुकराचं मांस नको, कुठलंच मांस नको) असं स्पष्ट सांगा. केझेश्पेट्झले, म्हणजे चीजमधल्या शेवया, बहुतेक ठिकाणी चालतात. श्पुंडेकेझ हा मऊ चीजचा प्रकार कडक, खाऱ्या बिस्किटासारख्या प्रेट्झेलसोबत येतो, तोही चालेल. जैन जेवणाचा आग्रह असेल तर डबा घेऊन निघा. बोटीच्या डेकवर थेपले खाल्ले म्हणून कोणी हसत नाही, पण बोटीच्या उपाहारगृहातल्या टेबलावर बसून खाऊ नका.

## टप्पा ९: आदल्या संध्याकाळची तपासणी

ही दहा मिनिटं वाचवू नका.

- नदीची पातळी: "पेगेल काऊप" शोधा. काऊपचा आकडा ४.६० मीटरवर गेला की जहाजांवर निर्बंध येतात, ६.४० मीटरवर वाहतूक थांबते. त्याच्या बरंच आधी बेटावरची होडी बंद होऊ शकते. उन्हाळ्याच्या शेवटी उलटं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. प्रवाहाच्या मध्ये पाणी त्याहून जास्त असतं, तरी इतकं उतरलं की प्रवासी बोटींचे थांबे आणि फेऱ्या रद्द होतात.
- किल्ल्याचं संकेतस्थळ: मुख्य पानावर नव्हे, "आजच्या वेळा" आणि "सूचना" या पानांवर बघा. लग्न, चित्रीकरण, डागडुजी यांची सूचना तिथेच लागते.
- डीबी नॅव्हिगेटर (जर्मन रेल्वेचं अ‍ॅप): तुमची ट्रेन नावानिशी शोधा. नुसतं "दर तासाला आहे" यावर जाऊ नका, रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात.
- शेवटच्या तीन वेळा कागदावर: किल्ल्याचा शेवटचा प्रवेश, शेवटची तर, परतीची शेवटून दुसरी ट्रेन. शेवटची नव्हे, शेवटून दुसरी.

पाणी चढलं असेल तर बेत रद्द करू नका. बोट आणि बेट गाळा, डाव्या काठाच्या ट्रेननं सांक्ट गोआर आणि ओबरवेझेल करा. गाडी नदीला अगदी लगटून जाते, खिडकी उजव्या काठाच्या बाजूची धरली तर काट्सपासून गुटेनफेल्सपर्यंत सगळं दिसतं. पाऊस नुसताच जोराचा असेल तर मार्क्सबुर्ग: फेरीचा बराच भाग छताखाली होतो, फक्त तो खडकातला जिना कडेकडेनं चढा.